पायांनी गिरवलेली अक्षरं

बऱ्हाणपूर,
रविवार, ता. ९ ऑगस्ट १९५३

सुमतीबाई देवपुजारी, बालवर्गाच्या शिक्षिका, यांना शालिकराम धकाते याचा नमस्कार.

आपला-माझा परिचय नाही. आपल्या वर्गात मैना धकाते नावाची सहा वर्षांची मुलगी आहे, तिचा मी बाप. आमचे घर तेथेच नागपुरात, टिमकी वस्तीत; धंदा पिढीजात विणकामाचा. हातमागाच्या लुगड्यांना पूर्वीसारखा उठाव राहिला नाही, म्हणून गेल्या फाल्गुनात मी येथे यंत्रमागावर कामास आलो. घरी मैना आणि तिची आई रुख्माबाई अशा दोघीच आहेत.

गावाकडून आलेल्या माणसाने सांगितले की, आपण लहान मुलांना रोज तासभर मैदानात नेऊन लंगडी, पळापळी आणि चेंडू खेळवता. मैनेला शाळेत घालून सव्वा महिना झाला. तिला अद्याप 'ग' काढता येत नाही, झग्याला मात्र रोज माती असते. बाई, खेळायला तिला गल्ली होती. शाळेत घातले ते अक्षर यावे म्हणून. घरी असती तर मागासाठी सुताच्या कांड्या भरून आईला तिचा हातभार लागला असता.

शाळेत खेळच असेल तर दिवाळीनंतर मुलीला घरी ठेवावे असा माझा विचार आहे. आपले म्हणणे कळवावे.

शालिकराम धकाते


नागपूर,
१६ ऑगस्ट १९५३

शालिकरामजी यांना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा तुमचं अक्षर पाहत राहिले. इतकं एकसारखं, वळणदार. ज्याचं अक्षर असं आहे, त्याला मुलीच्या 'ग'ची काळजी वाटणारच.

मैना पहिल्या दिवशी आली तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आकडे म्हण म्हटलं तर एक, दोन, तीन, सात. पाटीवर चार काढला तो उलटा. मी एकदा सगळ्यांना सांगितलं, डावा हात वर करा. एक्केचाळीस मुलांपैकी निम्म्यांनी उजवा वर केला आणि मैनेनं दोन्ही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ज्याला स्वतःचं डावं-उजवं ठाऊक नाही, त्याला 'ग'चा दांडा कोणत्या बाजूला हे कुठून कळणार?

या उन्हाळ्यात मी अमरावतीला लहान मुलांच्या खेळांचा वर्ग करून आले. तिथं शिकले ते इथं करून पाहते आहे. लंगडी घालताना प्रत्येक उडीला एक आकडा म्हणायचा. तोंड तीनवरून सातवर जातं, पाय जात नाही. चेंडू ज्याच्याकडे येईल त्यानं 'म'चा शब्द सांगायचा: मका, मडकं, मांजर. दोन-दोनच्या जोड्या करायच्या आणि एकटं कोण उरलं ते बघायचं. मुलांना तो खेळ वाटतो. माझ्यासाठी ते गणित आहे, भाषा आहे.

कधी कधी ऊन-सावलीत ती सगळी गोल धावत असतात, त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात, आणि मला कुणी मूल दिसतच नाही, नुसतं काही तरी फिरताना दिसतं. मग घंटा होते.

दिवाळीपर्यंतची मुदत तुम्हीच दिली आहे. तेवढी मला द्या.

तुमच्या मैनेची बाई,
सुमती देवपुजारी


बऱ्हाणपूर,
६ सप्टेंबर १९५३

सुमतीबाईंना नमस्कार.

पत्र पोचले. डाव्या-उजव्याची गोष्ट मनात राहिली.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला मागाच्या खड्ड्यात उतरवले. डाव्या पायाने पावडी दाबायची, हाताने धोटा फेकायचा, मग उजवा पाय. काठाचे धागे किती, हे मला तोंडाने कधी सांगता आले नाही. वडील विचारत तेव्हा मी बसून पाय हलवायचो आणि मग आकडा सांगायचो. आपले पत्र ऐकताना हे आठवले.

येथील माग विजेवर चालतो. पायांना काही काम नाही. आम्ही चार मागांमध्ये नुसते उभे असतो, तुटला धागा की जोडायचा. खोलीतले सोबती सांगतात, झोपेत माझे पाय चालतात, एकदा डावा, एकदा उजवा. सकाळी विचारतात, काय विणले? मला स्वप्न आठवत नाही. फक्त पोटऱ्या भरून आलेल्या असतात.

दिवाळीला रजा मिळणार नाही असे दिसते. मैनेला असू द्या शाळेत. मात्र जपून.

शालिकराम


नागपूर,
२४ नोव्हेंबर १९५३

शालिकरामजी,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. रुख्माबाईंनी कुणाकडून निरोप पाठवला असेल तर तुम्हाला कळलंच असेल. तरी ते मी सांगायला हवं.

गेल्या शुक्रवारी मैदानात आट्यापाट्यांचा डाव होता. पाट्या मीच आखल्या होत्या. शेवटची पाटी पाण्याच्या हौदाच्या फार जवळ गेली. मैना हुलकावणी देऊन वळली आणि हौदाच्या दगडी काठावर आपटली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं आहे. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. सहा आठवडे ठेवायचं आहे. हाड नीट बसलंय असं डॉक्टर म्हणाले.

चूक माझी आहे. आखणी माझी होती.

एक गोष्ट सांगू की नको, कळत नाही. टांग्यातून दवाखान्यात नेताना ती रडली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोड्याच्या टापा मोजत होती. अडतीसपर्यंत मोजल्या, एकही न चुकता. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तेव्हाच लाज वाटली.

आमचे हेडमास्तर विश्वनाथराव यांनी खेळाचा तास बंद केला आहे. ते मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता पाटी-पेन्सिल घ्या, बाई."

सुमती देवपुजारी


बऱ्हाणपूर,
२९ नोव्हेंबर १९५३

पत्र मिळाले. जपून असे मी लिहिले होते.

विणकराच्या घरात उजवा हात म्हणजे काय, हे आपणास माहीत नसावे. मुलीचे नाव शाळेतून कमी करावे. यापुढे पत्र पाठवू नये.

शालिकराम धकाते


नागपूर,
२० डिसेंबर १९५३

शालिकरामजी,

पाठवू नका म्हणालात, तरी पाठवते आहे. न वाचता ठेवलंत तर तो तुमचा अधिकार.

मैनेचं नाव मी अजून कमी केलेलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सायकल काढून टिमकीत गेले. रुख्माबाईंच्या पुढ्यात पत्र ठेवणार होते. त्यांनी ते हातात घेतलं नाही. म्हणाल्या, "आधी अंगणात पाहा बाई, हे पोट्टी काय करून राहिली. मले कांडी भरू देत नाही. सारखी म्हणते, आई पाह्य, आई पाह्य."

हात गळ्यात बांधलेला, आणि मैना टाचेनं मातीत एक भली मोठी रेघ ओढत होती. खाटेएवढी.

"काय गं हे?" मी विचारलं.

"ग."

"इतका मोठा?"

"लहान 'ग' हातानं काढतेत. हात नाही नं मले." मग ती त्यावरून चालून दाखवायला लागली. "इथून खाली याचं, इथं वळाचं, इथं थांबाचं. मग उडी माराची अन् हा दांडा." दांडा उजव्या बाजूला होता. तिला तो कुणी सांगितला नव्हता.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर मी रोज अर्धा तास त्या अंगणात असते. मी अक्षर आखते, ती चालते. मैदानात जे पाय वळायला शिकले, तेच आता वळताहेत. बावीस अक्षरं झाली. पाटीवर बोट ठेवून विचारलं की आधी तिचे पाय जागच्या जागी हलतात, मग तोंडातून अक्षर येतं.

मागच्या सोमवारी तिनं विचारलं, "बाई, बऱ्हाणपूर कोठी आहे?" मी दारापासून कडुलिंबापर्यंत आगगाडीची वाट आखून दिली. दाराशी नागपूर, मग वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ. भुसावळला वळण घेतलं की झाडाच्या बुंध्याशी बऱ्हाणपूर. संध्याकाळी धूर खाली उतरतो, मागांचा आवाज बंद होतो, आणि ती एकेक ठेसन मोठ्यानं म्हणत पावलामागं पाऊल टाकत जाते. बुंध्याशी पोचली की बसते. ओठ हलत असतात. मी विचारलं तर म्हणाली, "बाबाले सांगून राहिली, आज कोणतं अक्षर चालली ते."

तुमचा राग मला मान्य आहे. हौद विसरले ती मीच. पण एक विनंती. विश्वनाथराव म्हणतात, जिला लागलं तिच्या बापानं लेखी संमती दिली, तर खेळाचा तास पुन्हा देईन, नाही तर कधीच नाही. चाळीस मुलं आता भिंतीला पाठ लावून बसलेली असतात. आखणी मी पुन्हा केली आहे. हौदापासून वीस पावलं दूर.

सुमती


बऱ्हाणपूर,
३ जानेवारी १९५४

बाई, नमस्कार करतो.

हे पत्र मी बोलून राहिलो तसंच लिहाले सांगितलं आहे. आजपर्यंतची पत्रं कृष्णकांतच्या हातची. तो आमच्या खोलीत राहते, कारखान्यात हजेरी लिहिते. मी सांगो, तो चांगल्या भाषेत लिहे. तुम्ही माह्या अक्षराचं लिहिलं तेव्हा त्यानं वाचता वाचता माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे, पुढं वाच. मले एक अक्षर येत नाही बाई. तेव्हा सांगाव लागत होतं, नाही सांगितलं.

ते चार ओळीचं पत्र कृष्णकांत लिहाले तयार नव्हता. म्हणे, दोन दिवस थांब गा. मी थांबलो नाही.

मीही शाळेत गेलो होतो, तीन दिवस. मास्तरानं मांडी घालून बसवलं. माहे गुडघे हालत. मास्तरानं त्याच्यावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी मारली. तिसऱ्या दिवशी मी दुपारच्याले पळालो अन् मागाच्या खड्ड्यात जाऊन लपलो. बाप हसला, अन् त्यानं पावडीवर पाय ठेवाले सांगितलं. तिथं हालवले तर कोणी मारत नव्हतं. म्हणून राहिलो तिथं. पण तीन दिवसांत जे गेलं थे गेलं.

मैना झाडाखाली बसून माह्यासंगं बोलते, हे कृष्णकांतले मी तीनदा वाचाले लावलं. चौथ्यांदा त्यानं चष्मा काढून ठेवला.

काल सुट्टी होती. मी त्याले म्हटलं, मैना कसं लिहितेत, मातीत काढून दे. खोलीमागच्या मोकळ्या जागेत त्यानं काढलं. मी चाललो. 'म' बरा आहे. त्याच्या डोक्यावरच्या दोन मात्रांसाठी दोनदा उडी माराव लागते. लोकं हासले. हासू द्या. 'ना' करून बाहेर निंगालो तेव्हा मी माह्या पोरीच्या नावातून चालून आलो होतो. आता ते नाव मले कोठीही दिसलं तर ओळखतो.

हेडमास्तरसाहेबाले सांगजा: मैनेच्या बापाची हरकत नाही. खेळ चालू ठेवा. नाव कमी करू नका.

निशाणी अंगठा, शालिकराम धकाते

ता. क. — अंगठा माझ्यासमोर दिला आहे. माझ्या सुरेख भाषेमुळे आपली फसवणूक झाली, त्याबद्दल क्षमा असावी. — कृष्णकांत


नागपूर,
१४ फेब्रुवारी १९५४

शालिकरामजी,

अक्षराची मीच उगाच तारीफ केली आणि तुम्हाला गप्प बसवलं. मला माफ करा.

तुमची संमती विश्वनाथरावांनी स्वतः वाचली, मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. आता ते व्हरांड्यात येऊन मुलांच्या उड्या मोजतात. मोठ्यानं नाही, बोटांच्या पेरांवर.

मैनेचं प्लास्टर निघालं. मनगट आखडलं होतं. डॉक्टरांनी कापडी चेंडू दाबायला दिला. ती तो झेलत फेकतच वर्गात येते. पेन्सिल आता बोटांत बसते, पण अक्षर वाकडं येतं. वाचायला मात्र तिला कुणी थांबवू शकत नाही. परवा तिनं किराणा दुकानाची पाटी आईला वाचून दाखवली. रुख्माबाई तिथंच पिशवी घेऊन उभ्या राहिल्या, काय घ्यायला आल्या होत्या ते विसरून.

सगळं खेळानंच होतं असं मी आता म्हणत नाही. श्रावण नावाचा एक मुलगा आहे, तो वाऱ्यासारखा धावतो आणि अजूनही त्याला पाचाच्या पुढं जाता येत नाही. त्याच्यासाठी दुसरं काही शोधावं लागेल. पण तो शाळेत येतो. हाका माराव्या लागत नाहीत. मी आधी तेवढ्यालाच पुरेसं म्हणायला शिकते आहे.

मैना विचारते, बाबा केव्हा येतील. मी तिला सांगते, मला माहीत नाही. तुम्ही येणार असाल तरच तिला सांगा.

सुमती


बऱ्हाणपूर,
२१ मार्च १९५४

सुमतीबाईंना कृष्णकांतचा नमस्कार.

हे पत्र माझे स्वतःचेच आहे. इतरांचीच पत्रे लिहिण्याची सवय, त्यामुळे हात अडखळतो.

शालिकराम मंगळवारच्या गाडीने नागपूरला गेला. आपले मागचे पत्र वाचून दाखवले तेव्हापासूनच त्याचा बेत चालला होता. टिमकीत विणकरांची सोसायटी निघाली आहे. सूत तेच देतात, लुगडीही तेच घेतात. त्याबद्दल त्याने माझ्याकडून दोन पत्रे लिहवून घेतली. उत्तर आल्यावर त्याने नोकरी सोडली. मी म्हटले, सोसायटीचा काय भरवसा? तो म्हणाला, "नसन भरवसा. घरी तं असीन."

जाण्याआधीच्या दोन महिन्यांत संध्याकाळी खोलीमागे तो अक्षरे चालत असे. आधी एकटा, मग आणखी तिघे. मी काठीने आखून देत असे. आता तो नाही, पण ते तिघे येतात. काल एकाने विचारले, "बाबू, आज कोणतं?" माझा सारा जन्म वहीवर वाकून गेला, उभ्याने कोणाला काही शिकवीन असे वाटले नव्हते.

गाडीत बसवून दिल्यापासून त्याची खबर नाही. घरी कोणाला न कळवताच निघाला होता. सुखरूप पोचला का, एवढे कळवावे.

कृष्णकांत


नागपूर,
२८ मार्च १९५४

कृष्णकांतजी, नमस्कार.

तुमचा मित्र सुखरूप पोचला. कसा, ते सांगते. तुम्ही ते ऐकायला हवं असं मला वाटतं.

त्याच बुधवारी, तुम्ही गाडीत बसवून दिलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचा तास होता. ऊन वर चढलं होतं, मैदानाच्या कडेचा पळस फुलून लाल झाला होता, आणि मुलं आट्यापाट्या खेळत होती. बाराखडीच्या आट्यापाट्या. एकेक पाटी ओलांडताना एकेक अक्षर म्हणायचं, चुकलं तर जागीच थांबायचं. मैना खालच्या टोकाला होती. नऊ पाट्या पार करायच्या होत्या.

फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो मात्र मुलांकडे पाहत नव्हता, त्यांच्या पायांकडे पाहत होता. त्याचा स्वतःचा डावा पाय हळूच वर होत होता आणि खाली येत होता. मी ओळखलं.

मैनेनंही पाहिलं. ती चौथ्या पाटीवर होती. एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. तिचं तोंड उघडं राहिलं. अक्षर बाहेर येईना. समोरची पाटी अडवून उभा असलेला श्रावणही मागं वळून बघायला लागला. सगळं मैदान थांबलं, एखाद्या चित्रासारखं.

मी पुढं झाले. म्हटलं, "मैना, जा, जा बाबांकडे." फाटक उघडायला निघाले तेवढ्यात शालिकरामजींनी पेटी खाली ठेवली आणि हात वर केला.

"थांबा बाई," ते म्हणाले. "मधीच नका काढू तिले. तिचा डाव होऊ द्या."

मग ते फाटकाबाहेर पेटीवर बसले. मैनेनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि रेघ ओलांडली. पाचवी, सहावी, सातवी. प्रत्येक पाटीला तिचा आवाज मोठा होत गेला. शेवटचं अक्षर तिनं इतक्या जोरात म्हटलं की व्हरांड्यातून विश्वनाथराव बाहेर आले.

त्यानंतर ती धावली. फाटक उघडायला मला उशीर झाला. ती त्याच्या फटीतून निघून गेली.

सुमती